हेन्लीच्या रिगाटाला चालकासह गाडीने जाताना

हेन्ली रॉयल रिगाटा ही थेम्स नदीवरची वल्हवण्याची स्पर्धा पाहायला गाडीने जाण्याचे ज्यांच्या मनात असेल, त्यांनी गाडी ठरवण्याच्या आधी नकाशा उघडून नदीचे दोन काठ नीट पाहून घ्यावेत. हेन्ली-ऑन-थेम्स हे गाव नदीच्या पश्चिम काठावर, ऑक्सफर्डशायरमध्ये आहे. स्पर्धेची मुख्य प्रेक्षक-आवारे मात्र पूर्व काठावर, बर्कशायरमधल्या रेमेनहॅमच्या कुरणांवर उभारलेली असतात. या दोन काठांना जोडणारा गावातला रस्त्याचा पूल एकच आहे. तो १७८६ साली बांधलेला, पाच कमानींचा, सुंदर आणि अरुंद दगडी पूल आहे, आणि त्याला पर्याय शोधायचा तर वरच्या अंगाला सॉनिंगपर्यंत किंवा खालच्या अंगाला मार्लोपर्यंत जावे लागते. स्पर्धेच्या आठवड्यात हजारो माणसे पायी याच पुलावरून ये-जा करतात, आणि गाड्याही त्याच पुलावरून. त्यामुळे लंडनहून किती वाजता निघालो यापेक्षा गाडीला कोणत्या काठावर थांबायचे आहे हे ठाऊक असणे जास्त महत्त्वाचे ठरते. आमचा प्रवास सुखाचा झाला तो मुख्यतः या एका गोष्टीमुळे, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

आम्ही गेलो ते मामांसाठी. माझे मामा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि अभ्यासाइतकेच तिथल्या बोट क्लबचे. संगमाजवळचा हा क्लब १९२८ सालचा. त्याची वार्षिक रिगाटा आणि तीत संध्याकाळच्या अंधारात बाणाच्या टोकासारखी रचना करून येणाऱ्या होड्या पुण्यातल्या कित्येक पिढ्यांनी काठावर बसून पाहिल्या आहेत. मामा चौघांच्या होडीत वल्हवत असत. ‘रिगाटा’ हा शब्द आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले, आणि तो जिथून जगभर गेला त्या जागांपैकी हेन्ली ही सर्वांत मानाची, हेही त्यांनीच मला सांगितले होते. १८३९ साली गावकऱ्यांनी सुरू केलेली ही स्पर्धा, १८५१ साली प्रिन्स अल्बर्ट आश्रयदाते झाल्यावर तिच्या नावाला लागलेले ‘रॉयल’ हे बिरुद, महायुद्धांच्या आणि २०२० सालच्या खंडाखेरीज अखंड चाललेली परंपरा, हे सगळे त्यांना तोंडपाठ आहे. ते आणि मामी माझ्याकडे लंडनच्या हाउन्स्लो भागात काही आठवडे राहायला येणार, आणि त्यात जुलैचा पहिला आठवडा येतो, हे कळल्यावर त्यांना हेन्लीला न नेणे माझ्याच्याने झाले नसते.

अडचण होती ती गुडघ्यांची. मामांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि दुसराही कुरकुरतो. रेल्वेने जाणे तसे सोपे आहे: ट्वायफर्डपर्यंत एलिझाबेथ लाइन जाते, तिथे गाडी बदलून शाखामार्गाच्या छोट्या गाडीने हेन्लीला उतरता येते. तरुण माणसांनी याच मार्गाने जावे असे मी मनापासून सांगेन. पण स्टेशन गावाच्या काठावर आहे, म्हणजे उतरल्यावर गर्दीतून पुलापर्यंत चालायचे, पूल ओलांडायचा, मग कुरणांच्या बाजूने आवारापर्यंत जायचे. आणि संध्याकाळी हेच सगळे दमलेल्या पायांनी, उभ्याने भरलेल्या डब्यात शिरण्यासाठी पुन्हा करायचे. माझी स्वतःची गाडी नेली असती, तर मामा-मामींना दारात उतरवून त्यांना अनोळखी गर्दीत सोडून मला गाडी लावायला जावे लागले असते, किंवा दोघांनाही माझ्याबरोबर शेतातून चालवत आणावे लागले असते. मोबाइलवरून बोलावण्याची टॅक्सी जाताना सहज मिळते. परतताना, एकाच वेळी सगळे निघालेले असताना, ती मिळेल यावर वयस्क माणसांना घेऊन विसंबू नये. म्हणून दिवसभरासाठी चालकासह गाडी घ्यायची असे मी ठरवले. तीन माणसांच्या रेल्वेभाड्याच्या कितीतरी पट खर्च यात होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मामांना नदी दिसेपर्यंत दमायला होऊ नये, इतकाच माझा हिशेब होता.

गाडी ठरवताना मी जे प्रश्न विचारले, त्यांच्यापेक्षा मला जे प्रश्न विचारले गेले त्यांवरून कंपनीची पारख झाली. पहिल्या ठिकाणी फोनवरच्या गृहस्थांनी गावाचे नाव आणि वेळ लिहून घेतली आणि एक ठरावीक रक्कम सांगितली. कोणत्या काठावर उतरवणार, असे मी विचारले, तेव्हा गावात स्टेशनजवळ उतरवू आणि संध्याकाळी तिथूनच घेऊ, असे उत्तर आले. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मात्र माझे वाक्य संपायच्या आत विचारले, “तुमची तिकिटे कोणत्या एन्क्लोजरची आहेत, आणि पार्किंगचा पास तुमच्याकडे आहे का?” त्यांच्याकडे गाडी ठरवायची हे माझ्या मनाने त्याच क्षणी घेतले.

एन्क्लोजरचा, म्हणजे प्रेक्षक-आवाराचा, प्रश्न निरर्थक नव्हता. स्टुअर्ड्स एन्क्लोजर हे सभासदांचे आणि त्यांच्या पाहुण्यांचे. तिथे पुरुषांना कोट किंवा ब्लेझर आणि टाय सक्तीचा, स्त्रियांच्या झग्याची किनार गुडघ्याखाली असावी असा नियम, आणि स्त्रियांना पँटसूट चालू लागले ते २०२१ पासून. आमच्या ओळखीत सभासद कुणी नाही. रिगाटा एन्क्लोजरची तिकिटे मात्र कुणालाही आगाऊ विकत घेता येतात, तिथे पोशाखाची सक्ती नाही, आणि नदीही तितकीच जवळ दिसते. मी तीच काढली होती. दोन्ही आवारे एकाच काठावर असली तरी ती नदीच्या कडेने एकापुढे एक पसरलेली आहेत, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी कोणत्या फाटकाशी गाडी थांबते यात बराच फरक पडतो.

गाडी मी ताशी दराने घेतली. या धंद्यात त्याला ‘ॲज डिरेक्टेड’ म्हणतात: गाडी आणि चालक ठरलेल्या तासांपुरते आपल्या दिमतीला, आपण सांगू तिथे जायचे आणि थांबायचे. जाण्याचे एक भाडे, येण्याचे दुसरे आणि मध्ये गाडी मोकळी, असा प्रकार स्वस्त पडतो, पण मग परतीला येणारी गाडी त्या गर्दीत बाहेरून आत शिरणार, बहुधा दुसराच चालक घेऊन. आमची गाडी मात्र दिवसभर कुरणातच उभी राहणार होती, आणि ती कुठे आहे हे आम्हाला आणि आम्ही कुठे आहोत हे चालकाला ठाऊक असणार होते. लेखी अंदाजपत्रकात किमान किती तास, त्यापुढे प्रत्येक अर्ध्या तासाला किती, मैलांची मर्यादा आहे का, आणि गाडी वाटेत अडकली तर तो वेळ कोणाच्या खात्यावर, हे मी स्पष्ट लिहून घेतले. शेवटच्या मुद्द्यावर त्यांनी सरळ सांगितले की वाहतुकीत गेलेला वेळही तासांतच धरला जातो. पटो न पटो, आधी कळलेले बरे.

पार्किंगचा पास हा या सगळ्यातला कळीचा कागद. स्पर्धेची वाहनतळे म्हणजे नदीलगतची कुरणे आणि शेते. त्यांचे पास आगाऊ घ्यावे लागतात, आणि स्पर्धेच्या दिवशी येऊन जागा मिळेल अशी आशा धरू नये. पास काढणे गाडी पुरवणाऱ्यांचे काम नव्हे, ते पाहुण्यांनीच करायचे, हेही त्या बाईंनी सांगितले. मी तो तिकिटांबरोबरच घेतला होता आणि त्याची प्रत त्यांना आठवडाभर आधी पाठवली.

परवान्याबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण भारतातून नव्याने आलेल्यांना हा फरक चटकन लक्षात येत नाही. लंडनमध्ये अशा गाड्या १९९८ च्या खासगी भाडे-वाहन कायद्याखाली चालतात. काळ्या टॅक्सीसारखे त्यांना रस्त्यावर हात दाखवून थांबवता येत नाही. त्या चालवणाऱ्या परवानाधारक कंपनीकडे आधी नोंदणी व्हावी लागते, चालकाचा परवाना वेगळा, गाडीचा वेगळा. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या काचेवर परवान्याची चकती असते. रिगाटासारख्या जागी संध्याकाळी कुणी गाडीवाला आपणहून जवळ येऊन “चला, लंडनला सोडतो” म्हणाला, तर त्या बिननोंदणीच्या प्रवासाला विमाही लागू असेलच असे नाही. वडीलधारी माणसे बरोबर असताना हा धोका पत्करू नये.

गाडी मर्सिडीज व्ही-क्लास घेतली. तिघांसाठी ती मोठी होती, पण बुटक्या सेडानमध्ये मामांना खाली वाकून बसावे लागते आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. या गाडीत आसन उंच आणि दार सरकते असल्यामुळे कुरणात दोन्ही बाजूंना गाड्या खेटून उभ्या असल्या तरी उतरायला अडचण येत नाही.

आम्ही गुरुवार निवडला. स्पर्धा मंगळवारपासून रविवारपर्यंत सहा दिवस चालते. शुक्रवारी आणि शनिवारी गर्दी फार वाढते, आणि सुरुवातीच्या दिवसांत बाद फेरीच्या शर्यती अधिक असल्यामुळे बघायलाही भरपूर मिळते. चालक सकाळी सव्वाआठला दारात उभे होते. मूळचे जालंधरचे, स्लाउमध्ये आयुष्य गेलेले, साठीच्या आसपासचे गृहस्थ. मामांचे वय आणि काठी पाहताच त्यांनी हिंदीत “आइए बाबूजी” म्हणून दार सरकवले आणि मामांना हात न देता कोपर पुढे केले. आधार देताना हात धरून ओढायचे नसते, समोरच्याला आपल्याला धरू द्यायचे असते, हे ज्याला कळते त्याच्यावर मी निर्धास्त विसंबते.

एम ४ या महामार्गावरून आठ-नऊ क्रमांकाच्या जंक्शनला बाहेर पडून ए ४०४ हा रस्ता धरायचा आणि पुढे ए ४१३० ने हर्लीवरून रेमेनहॅम हिलवर यायचे, असा हा मार्ग. एरवी पाऊण तासाचा. टेकडीच्या माथ्यापर्यंत आम्ही जवळजवळ त्याच वेळात आलो. त्यापुढचा, नदीकडे उतरणारा व्हाइट हिल नावाचा तीव्र उतार मात्र गाड्यांनी भरलेला होता. इथेच काठाची गोष्ट प्रत्यक्ष दिसली. लंडनच्या बाजूने येणाऱ्याला बर्कशायरचा काठ आधी लागतो. आवाराकडे जाणारी रेमेनहॅम लेन उताराच्या पायथ्याशी, पुलाच्या अलीकडेच फुटते. दिशादर्शक यंत्रात नुसते गावाचे नाव घातले तर ते सरळ पूल ओलांडायला लावते. आमच्या पुढच्या दोन-तीन गाड्या तशाच पुलावर गेल्या, आणि तिथून परत या काठावर येण्यासाठी त्यांना पुन्हा तीच रांग, यावेळी उलट दिशेने. आमच्या चालकांनी यंत्र बंदच ठेवले होते. ते म्हणाले, “यहाँ मशीन नहीं, झंडीवाले की सुनो,” आणि खरोखरच रस्त्याच्या तात्पुरत्या व्यवस्थेनुसार पिवळ्या जाकिटातला माणूस दाखवेल तिकडेच गाडी वळवत गेले.

त्यांनी आम्हाला आवाराच्या जितके जवळ नेण्याची मुभा होती तिथवर नेले, मामा-मामींना उतरवले, आणि मला मात्र गाडीतच बसायला सांगितले. हे फार शहाणपणाचे होते. मी त्यांच्याबरोबर कुरणापर्यंत गेले, गाडी कोणत्या रांगेत लागली ते पाहिले, रांगेच्या खांबाचे छायाचित्र घेतले, आणि परत येताना वाटेत कुठे खाचखळगे आहेत, कुठे फळ्या टाकल्या आहेत, हे पाहून ठेवले. तोपर्यंत मामा-मामी फाटकाजवळच्या बाकावर निवांत बसले होते. अशा ठिकाणी एका जागी हजारो फोन असले की जाळे मंदावते. म्हणून फोन लागला नाही तर किती वाजता, कोणत्या खांबाशी भेटायचे, हे आम्ही आधीच ठरवून घेतले. वयस्क माणसांना आणणाऱ्या प्रत्येकाने ही अर्ध्या तासाची उठाठेव करावी.

मामांनी नदी पाहिली तेव्हा ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मात्र बोलायला लागले ते थांबेनात. “अगं, हे बघ, प्रवाहाविरुद्ध वल्हवतायत.” टेम्पल आयलंडपासून पुलाच्या दिशेने, प्रवाहाच्या उलट, १ मैल ५५० यार्ड म्हणजे २,११२ मीटर. ऑलिंपिकच्या २,००० मीटरांपेक्षा अंमळ जास्त. एका वेळी दोनच होड्या, एक बर्कशायरच्या बाजूने आणि एक बकिंगहॅमशायरच्या बाजूने. दोन्हींच्या बाहेरून लाकडी ओंडक्यांची सरळ रेष. मागून पंचांची लाँच. हरणारा घरी जातो, दुसरी संधी नाही. एकेरी शर्यत निघाली तेव्हा मामांनी शेजारच्या अनोळखी इंग्रज गृहस्थांना नाशिक जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळबद्दल सांगितले: विहिरी खोदणारा मुलगा सैन्यात गेला, पुण्यात वल्हवायला शिकला, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या स्कलमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही असतात त्या प्रकारात, सोने घेऊन आला. ते गृहस्थ मन लावून ऐकत होते.

दुपारी स्पर्धेला जेवणाची सुट्टी असते, आणि तेव्हा गाडी जवळच्या कुरणात असल्याचा दुसरा लाभ कळला. रिगाटाच्या वाहनतळांवर गाडीच्या मागच्या दाराशी टेबल मांडून जेवायची इथे जुनी रीत आहे. आमच्या दोन्ही बाजूंना पांढरी कापडे अंथरलेली टेबले होती. मामींनी तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचे गोड लोणचे आणि दडपे पोहे आणले होते. चालकांनी स्वतःचा डबा आणला होता, पण मामींनी त्यांना आपल्यातच बसवून घेतले, कारण आपण जेवतोय आणि आपल्याला घेऊन आलेला माणूस पुढच्या आसनावर एकटा खातोय हे त्यांना सहन होणारे नव्हते. याच जेवणात परतीचा बेत ठरला. चालकांनी दोनच पर्याय सांगितले: चहाच्या सुट्टीनंतर थोड्याच वेळात निघायचे, किंवा अगदी शेवटची शर्यत संपून गर्दी ओसरेपर्यंत गाडीतच आरामात बसायचे. त्यांच्या मधली वेळ सर्वांत वाईट. मामांनी पहिला पर्याय घेतला, पण चहानंतरची आठजणांची एक शर्यत पाहू द्या अशी विनंती करून.

ती शर्यत पाहूनच आम्ही निघालो. मामांना फाटकाच्या बाकावर बसवून मी कुरणात गेले नाही. ठरलेल्या वेळी गाडीच फाटकाकडे आली. रेमेनहॅम लेनच्या तोंडाशी आल्यावर व्हाइट हिल चढणारी रांग हलताना दिसेना. चालकांनी टेकडीचा नाद सोडून उजवीकडे पुलाच्या दिशेने थोडेसे जाऊन लगेच डावीकडे वॉरग्रेव्हचा ए ३२१ धरला. वॉरग्रेव्हच्या अरुंद रस्त्यातून, विटांच्या जुन्या घरांच्या मधून, ए ४ वर आलो आणि मेडनहेडच्या अलीकडून पुन्हा एम ४ ला लागलो. अंतर जरा वाढले, पण गाडी चालती राहिली, आणि दिवसभर बसून आखडलेल्या गुडघ्याला थांबत-सरकत चढण चढणाऱ्या गाडीपेक्षा चालती गाडी कितीतरी बरी. मामा मेडनहेडच्या पुढे झोपी गेले.

घरी पोचल्यावर चालकांनी वेळ लिहिली, मी सही केली. ठरलेल्या तासांपेक्षा अर्धा तास जास्त झाला होता आणि तेवढेच पैसे वाढले, कागदावर लिहिले होते तसेच. बक्षिसी मी वेगळी दिली, ती रोख.

हे सगळे लंडनच्या बाजूने येणाऱ्यांना लागू आहे. ऑक्सफर्डकडून नेटलबेडमार्गे, किंवा रेडिंगहून कॅव्हरशॅमच्या रस्त्याने येणाऱ्यांची गाडी गावाच्याच काठावर पोचते. त्यांनी चालकाला पूल ओलांडायला लावण्याआधी आपली माणसे किती चालू शकतात याचा विचार करावा. चालता येत असेल तर गावातच उतरावे आणि पूल पायी ओलांडावा. ते गाडीपेक्षा लवकर होते. चालता येत नसेल, तर घरून निघतानाच मार्लोकडून किंवा सॉनिंगकडून नदी ओलांडून बर्कशायरच्या बाजूने यावे, आणि हे गाडी ठरवतानाच कंपनीला लेखी सांगावे.